नेट जातंय पण वायर तर बसलेली आहे: मार्केट यार्डातल्या एका लिनक्स कॉम्प्युटरचं प्रकरण

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर लिनक्स मिंट २१ (विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम) आहे, आणि यंदा ऐन सीझनला त्याचं नेट सारखं तुटायला लागलं. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण त्यात दोन बिघाड एकाच वेळी होते आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसत होते. पहिला निघाला की वाटतं झालं काम, आणि दुसऱ्या दिवशी परत फोन, "अवो परत गेलं की!" मग सगळं खापर लिनक्सवर फुटतं, जे इथंही फुटतच होतं.

मशीन जुनं असलं तरी दणकट आहे. आधी त्यावर विंडोज ७ होतं, त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, नवीन विंडोज त्या हार्डवेअरवर रखडत चालायचं म्हणून मिंट टाकलं. मिंट २१ हे उबुंटू २२.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे आणि त्याला २०२७ पर्यंत अपडेट आहेत, त्यामुळं पेढीच्या कामाला काही अडचण नाही. काम सगळं ब्राउझरमधलं, शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशोब) करायची, बँक बघायची, जीएसटीचं भरायचं. नेट फायबरचं, राउटर शेठच्या केबिनमध्ये, त्याच्या शेजारी आठ पोर्टचा छोटा स्विच, आणि तिथून वायर भिंतीकडेनं पोत्यांच्या थप्पीमागून काउंटरवर दिवाणजींच्या कॉम्प्युटरला. वायफाय या मशीनमध्ये नाहीच.

लक्षण असं की पट्टी सेव्ह करायला गेलं की गोल फिरत राहायचं, कधी पाऊण मिनिटात परत चालू, कधी चार-पाच मिनिटं बंदच. शेतकरी समोर उभा, गाडी बाहेर हॉर्न वाजवतीय, आणि पट्टी काही निघत नाही. त्याच वेळी दिवाणजींच्या मोबाईलवर त्याच राउटरचं वायफाय झकास चालतंय. त्यामुळं सगळ्यांचं एकमत झालेलं, मशीनमध्येच काहीतरी आहे, लिनक्स काढा आणि विंडोज टाका.

माझ्या आधी कुणीतरी हात फिरवून गेलेला होता. डीएनएस (साईटच्या नावाचा पत्ता शोधून देणारी सोय) बदललेला, आयपीव्ही६ (नेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) बंद केलेलं, आणि नेटवर्क मॅनेजर या नेट सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या कॉन्फ-डॉट-डी फोल्डरमधल्या वायफाय पॉवरसेव्हच्या फाईलमध्ये ३ चे २ केलेले. यातला एकेक उपाय आपापल्या जागी बरोबर आहे. लॅपटॉपचं वायफाय बसल्याबसल्या तुटत असेल तर ते ३ चे २ करणं म्हणजे पॉवरसेव्ह बंद करणं, आणि बऱ्याच कार्डांना त्यानं खरंच फरक पडतो. पण ज्या मशीनला वायफायच नाही तिथं त्याचा काय उपयोग? मला हे बघवत नाही, कारण असे पाच-सहा बदल एकावर एक चढले की नंतर काय कशामुळं सुधारलं आणि काय कशामुळं बिघडलं काहीच कळत नाही. म्हणून आधी सगळं मूळ होतं तसं केलं.

मग खरा प्रश्न. नेट तुटतं म्हणजे नक्की कुठं तुटतं? कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड आणि स्विचच्या मधली वायर, त्यानंतर आपल्याला मिळालेला आयपी पत्ता (नेटवर्कमधला मशीनचा नंबर), मग राउटर, मग राउटरच्या बाहेरचं जग, आणि सगळ्यात वर साईटच्या नावाचा पत्ता शोधून देणारं डीएनएस. वापरणाऱ्याला या सगळ्या ठिकाणचं तुटणं सारखंच दिसतं, गोल फिरताना. उपाय मात्र प्रत्येक ठिकाणचा वेगळा.

त्यासाठी तीन टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडक्या, उघडून ठेवली. एकात राउटरला पिंग (उत्तर येतंय का बघायला मारत राहायची हाक), १९२.१६८.१.१ ला. दुसऱ्यात बाहेर पिंग, ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला. दोन्हीला मायनस कॅपिटल डी आणि मायनस कॅपिटल ओ लावलं, पहिल्यानं प्रत्येक ओळीला वेळ लागते आणि दुसऱ्यानं उत्तर आलं नाही की तिथल्या तिथं दिसतं, नाहीतर पिंग गप्प बसतं आणि तुटलंय हे नंतर आकडे मोजून कळतं. तिसऱ्यात जर्नलसीटीएल मायनस के मायनस एफ, म्हणजे लिनक्सचा गाभा असलेलं कर्नल काय बोलतंय ते चालू ठेवायचं. दिवाणजींना एवढंच सांगितलं की नेट गेलं की कशालाही हात लावू नका, मशीन रिस्टार्ट करू नका, फक्त घड्याळात बघून वेळ वहीत मांडा. त्यांची वही म्हणजे वहीच, नीट खाडाखोड न करता वेळा लिहिलेल्या मिळाल्या.

पहिला बिघाड कर्नलनं स्वतःच सांगितला. 'लिंक इज डाउन', थोड्या वेळानं 'लिंक इज अप', आणि अपच्या पुढं १ जीबीपीएसच्या जागी १०० एमबीपीएस. त्याच्या आसपास अजून एक ओळ, की ठरलेला स्पीड १ जीबीपीएस होता पण प्रत्यक्षात १०० वर उतरावं लागलं, 'चेक केबलिंग'. इतकं स्पष्ट कुणी सांगत असेल तर ऐकायला पाहिजे. इथं स्पीडचा आकडा हाच पुरावा आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात, म्हणजे कार्ड आणि स्विच दोन्ही गिगाबिटचे असताना लिंक १०० वर येत असेल तर एखादी जोडी गेलेली असण्याचा संशय पहिला घ्यायचा. ईथटूल चालवून कार्डाचं नाव दिलं की सध्याचा स्पीड तिथंही दिसतो.

कार्डावर संशय घेणारे पुष्कळ असतात, या मशीनमध्ये आर८१६९ ड्रायव्हरवर (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालणारं कार्ड आहे आणि त्या ड्रायव्हरबद्दल बरंच काही ऐकायला मिळतं. पण ड्रायव्हर अडकतो तेव्हा लॉगमध्ये 'नेटडेव्ह वॉचडॉग' आणि 'ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट' असं येतं. इथं त्यातलं अक्षरही नव्हतं, म्हणून ड्रायव्हरला हात लावला नाही.

थप्पी हलवायला हमाल लोकांना विनंती केली, ऐन सौद्याच्या गडबडीत त्यांनी पोती सरकवून दिली, आणि मागं वायर सापडली. जमिनीपासून वीतभर उंचीवर घुशीनं कुरतडलेली. वरचं आवरण गेलेलं, आतली एक तार पूर्ण तुटलेली, दुसरीचं तांबं उघडं, आणि त्या सगळ्यावर हळदीची पूड बसून आतपर्यंत पिवळं झालेलं. पोतं थप्पीला टेकलं किंवा ओढलं की वायर दबायची आणि लिंक जायची. नवीन कॅट-६ केबल घेतली, खालून न नेता भिंतीवर उंचावरून केसिंग पट्टीतून नेली, दोन्ही टोकं नीट क्रिंप केली. लिंक लगेच १ जीबीपीएसवर आली आणि कर्नलचा लॉग शांत झाला.

आणि दुसऱ्या दिवशी परत फोन.

आता या वेळी जे तुटत होतं त्याची जात वेगळी होती, आणि हे फक्त आधीपासून लॉग चालू ठेवल्यामुळं कळलं. 'लिंक डाउन'ची एकही ओळ नाही. वायर शाबूत, स्पीड १ जीबीपीएस, आयपी पत्ता जागेवर, वरच्या पट्टीतला आयकॉन म्हणतोय कनेक्टेड. तरी दोन्ही पिंग एकदमच थांबतात, राउटरचं पण आणि बाहेरचं पण, आणि साधारण अर्ध्या-पाऊण मिनिटात आपोआप परत चालू होतात. ते चार-पाच मिनिटांचं लांबलचक बंद पडणं वायरचं होतं, ते गेलं, छोटी तुटातूट तशीच राहिली. ८.८.८.८ हा सरळ आकड्यातला पत्ता आहे, त्यालाच पिंग जात नाही म्हणजे डीएनएसचा संबंध नाही. राउटरलाच पिंग जात नाही म्हणजे फायबरवाल्याचाही दोष नाही. आणि मोबाईलवर राउटर व्यवस्थित उत्तर देतोय म्हणजे राउटर जिवंत आहे. उरलं काय, तर हे मशीन आणि राउटर यांच्यातलं बोलणं, पण वायर सोडून.

इथं मी एआरपिंग वापरलं. साधं पिंग आयपीच्या पातळीवर हाक मारतं, एआरपिंग त्याच्या खालच्या पातळीवर, 'हा आयपी कुणाचा, तुझा मॅक पत्ता सांग' एवढंच विचारतं. मॅक पत्ता म्हणजे कार्डाचा कारखान्यातून आलेला नंबर, या विचारण्याच्या पद्धतीला एआरपी म्हणतात, आणि विचारताना आपलाही मॅक पत्ता सोबत जातो. उबुंटू-मिंटमध्ये ते आयपीयूटिल्स-एआरपिंग या पॅकेजमध्ये असतं, एआरपिंग याच नावाचं दुसरं पॅकेजही आहे आणि त्याचे ऑप्शन वेगळे आहेत, तेवढं बघून टाकायचं, आणि नेट चालू असतानाच टाकून ठेवायचं. तर पिंग बंद पडलेलं असताना राउटरला एआरपिंग मारलं. उत्तर लगेच आलं. आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे एआरपिंग मारल्याबरोबर शेजारच्या खिडकीतलं बंद पडलेलं पिंगही सुरू झालं. पुढच्या वेळी नेट गेल्यावर परत तेच. दर वेळी तेच.

प्रकरणाची गाठ इथं सुटली. वायर चालू आहे, राउटरला माझा प्रश्न पोचतोय, तो उत्तरही देतोय, पण पिंगचं उत्तर माझ्याकडं येत नाही. मी एकदा ओरडून माझा मॅक पत्ता सांगितला की उत्तरं परत माझ्याकडं यायला लागतात. याचा अर्थ मधल्या वेळात माझ्या आयपीसमोर राउटरच्या वहीत दुसऱ्याच कुणाचा तरी मॅक पत्ता लिहिला जातोय. यार्डातल्या माणसाला सांगायचं तर दोन शेतकऱ्यांच्या मालावर चुकून एकच लॉट नंबर पडला, तर ज्याची चिठ्ठी शेवटी आली त्याच्या नावावर पैसे जातात, माल कुणाचा का असेना.

ते नक्की करायची सोय एआरपिंगमध्येच आहे. सुडो एआरपिंग, मायनस कॅपिटल डी, मायनस कॅपिटल आय, पुढं कार्डाचं नाव आणि शेवटी आपलाच स्वतःचा आयपी. म्हणजे 'माझा पत्ता अजून कुणाकडं आहे का' असं सगळ्या नेटवर्कला विचारायचं. आपलं मशीन स्वतःला उत्तर देत नाही, त्यामुळं सगळं बरोबर असेल तर शांतता पाहिजे. कॉम्प्युटरचा पत्ता होता १९२.१६८.१.१०८. उत्तर आलं, अनोळखी मॅक पत्त्यावरून.

१०८ हा आकडा बघितल्यावरच कॅमेऱ्यांची आठवण व्हायला पाहिजे. बरेच कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारी पेटी) कारखान्यातूनच ठरावीक पत्ता घेऊन येतात, १९२.१६८.१.१०८ हा त्यातला एक, १९२.१६८.१.६४ हा दुसरा. शेठला विचारून केबिनमधल्या स्विचवरून पेढीच्या कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरची वायर काढली, परत तीच कमांड चालवली, शांतता. वायर लावली, उत्तर हजर.

मग शेठ म्हणाले, "अहो कॅमेरा पण मोबाईलवर मधीमधी अडकतोय, त्याची तक्रार मी कॅमेरेवाल्याला केलीय." म्हणजे एकाच रोगाच्या दोन तक्रारी दोन वेगवेगळ्या माणसांकडं गेलेल्या, नेटची माझ्याकडं आणि कॅमेऱ्याची त्याच्याकडं, आणि दोन्ही एका जागी कधी आल्याच नाहीत. दिवाणजींच्या वहीतल्या वेळा काढून बघितल्या तर बऱ्याचशा शेठ दुपारी जेवायला घरी गेल्यावरच्या होत्या, तेव्हा ते मोबाईलवर पेढीचे कॅमेरे उघडून बघतात. डीव्हीआरचं बोलणं वाढलं की तो राउटरला जास्त वेळा आपला पत्ता सांगायचा आणि इकडं काउंटरवर पट्टी अडकायची.

अर्ध्या-पाऊण मिनिटाचं गणितही जुळतं. लिनक्स शेजारच्या मशीनचा मॅक पत्ता एकदा कळला की साधारण अर्धा मिनिट तो पक्का धरून चालतं, नेमका काळ १५ ते ४५ सेकंदांच्या मधला असतो. त्यानंतर तो शिळा मानतं, आणि परत काही पाठवायची वेळ आली की पाच सेकंद वाट बघून खात्री करायला राउटरला एआरपीनं विचारतं. त्या विचारण्यातच आपला मॅक पत्ता जातो, राउटरची वही परत बरोबर होते आणि नेट आल्यासारखं वाटतं. मग डीव्हीआर तेच करतो आणि परत जातं.

पट्टी नुसती थांबत नव्हती, कधीकधी अर्ध्यातून साफ तुटायची, त्याचंही कारण यातच आहे. कॉम्प्युटरसाठी आलेला डेटा डीव्हीआरकडं गेला की त्याला त्या जोडणीचं काहीच माहीत नसतं, मग तो नियमाप्रमाणं रिसेट पाठवतो. राउटर तो रिसेट पुढं साईटच्या सर्व्हरकडं पाठवतो, कारण आयपी तर तोच आहे, आणि सर्व्हर म्हणतो ठीक आहे, समोरच्यानं जोडणी तोडली. म्हणून मोठी फाईल वर चढवताना त्रास सगळ्यात जास्त व्हायचा.

यंदाच हे का सुरू झालं? डीव्हीआर तर कधीपासूनचा आहे. राउटर नवीन बसवलेला होता. जोडलेल्या उपकरणांना राउटर आपोआप पत्ते वाटतो, जुना राउटर शेवटचा आकडा २ पासून वाटायचा, पेढीवर उपकरणं थोडीच, त्यामुळं वाटणी १०८ पर्यंत कधी पोचलीच नाही. नवीन राउटर १०० ते १९९ मधले पत्ते वाटतो. शेठचा मोबाईल, दिवाणजींचा मोबाईल, प्रिंटर, पाव्हण्यारावळ्यांचे मोबाईल असं करत १०८ नंबर या कॉम्प्युटरच्या वाट्याला आला, आणि त्या नंबरवर डीव्हीआर आधीच हातानं बसवलेला. राउटर बदलताना कुणी हे बघत नाही, बघायला पाहिजे.

एआरपी हा नियम १९८२ सालचा आहे, त्यात कुणी 'हा पत्ता माझा' म्हणालं की ते खरं मानायचं, पडताळणी नाही. दुहेरी पत्ता ओळखायची पद्धत आयपीव्ही४ साठी २००८ मध्ये आरएफसी ५२२७ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात नीट लिहून ठेवली गेली. विंडोज असं झालं की स्क्रीनवर कॉन्फ्लिक्टचा निरोप दाखवतं. लिनक्सचं कर्नल आयपीव्ही६ चा पत्ता घेताना स्वतः तपासतं, आयपीव्ही४ ला ते काम वरच्या प्रोग्रॅमवर सोडलेलं आहे, नेटवर्क मॅनेजरमध्ये त्यासाठी आयपीव्ही४-डॉट-डॅड-टाइमआउट नावाची सेटिंग आहे. इथं विंडोज टाकलं असतं तर निरोप दिसला असता किंवा त्यानं राउटरकडं दुसरा पत्ता मागितला असता, पण १०८ वाटणीत आहे हे मूळ कारण तसंच राहिलं असतं.

उपाय करताना एक अडचण आली. सगळ्यात सरळ काम म्हणजे डीव्हीआरचा पत्ता बदलणं, पण त्याचा पासवर्ड कॅमेरेवाल्याकडं आणि तो गावाला गेलेला. पासवर्ड उडवायला डीव्हीआर रिसेट करणं मला मान्य नव्हतं, पेढीच्या रेकॉर्डिंगशी खेळायचं नाही. कॉम्प्युटरला हातानं दुसरा पत्ता देणं हाही एक मार्ग होता, पण मग १०८ मोकळा राहून उद्या कुणाच्या तरी मोबाईलला मिळाला असता आणि कॅमेरा परत अडकला असता. म्हणून राउटरमध्येच जाऊन वाटायच्या पत्त्यांची सुरुवात १०० वरून १५० वर नेली. १०८ आता वाटणीच्या बाहेर, डीव्हीआर त्यावर सुखानं बसू दे. राउटर एकदा रिस्टार्ट केला, कॉम्प्युटरचं कनेक्शन एनएमसीएलआय या कमांडनं बंद करून परत चालू केलं, त्याला १५० च्या पुढचा पत्ता मिळाला. तो पत्ता राउटरमध्ये त्याच्या मॅकला बांधून टाकला म्हणजे रोज बदलणार नाही.

त्यानंतर तेच तीन टर्मिनल दिवसभर चालू ठेवले. एआरपिंग मायनस कॅपिटल डी नवीन पत्त्यावर शांत. शेठना मुद्दाम दुपारी घरून कॅमेरे उघडून ठेवायला सांगितलं आणि त्याच वेळी दिवाणजींनी पट्ट्या काढल्या, पिंगची एकही ओळ गळली नाही, कॅमेराही अडकला नाही. पहिली वायर न बदलता फक्त पत्ता बदलला असता तर पोतं सरकल्यावर परत लिंक गेली असती, त्यामुळं दोन्ही कामं लागतच होती, फक्त ती एका वेळी एक केली म्हणून कुठल्या कामानं काय सुधारलं ते स्पष्ट कळलं.

पुढं कॅमेरेवाला गावाहून आल्यावर त्याच्यासोबत बसून डीव्हीआरला १९२.१६८.१.२० दिला, प्रिंटरला २१, आणि कुठलं उपकरण कुठल्या पत्त्यावर आहे याचा कागद दिवाणजींनी स्वतःच्या अक्षरात लिहून राउटरच्या शेजारी भिंतीला चिकटवला.